दोन पिंजरे, शेजारी शेजारी

प्राण्यांचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. एकात कळपाने राहणारे प्राणी, दुसऱ्यात एकएकटे राहणारे. मुले भराभर नावे सांगतात. हत्ती, चितळ, माकड इकडे. वाघ, बिबट्या तिकडे. या यादीत चूक काही नसते. परंतु पहिल्या रकान्याबरोबर एक समजूत न सांगताच मुलांच्या मनात शिरते. ती अशी की, जो प्राणी कळपात राहतो त्याला सोबत हवी असते, आणि सोबत म्हणजे त्याच्या जातीचा कोणताही दुसरा प्राणी.

ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना हे खरे नाही हे ठाऊक असते. बाजारातून नवी गाय आणली की पहिले काही दिवस शिंगाला शिंग लागते. खुराड्यात नवी कोंबडी भरदिवसा सोडली तर जुन्या कोंबड्या तिला टोचून बेजार करतात. म्हणून जाणती माणसे तिला रात्री अंधारात हळूच आत ठेवतात. नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डरुप-एबे यांनी १९२० च्या सुमारास कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड शास्त्रीय लेखातून मांडली. पण नव्या कोंबडीचे काय होते हे खुराडे झाकणाऱ्या माणसांना त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते.

गाय आणि कोंबडी हजारो वर्षे माणसाच्या दारात आहेत. त्यांचे रुसवेफुगवे समजून घ्यायला माणसाला भरपूर वेळ मिळाला. पण एखादा प्राणी जेमतेम शंभर वर्षांपूर्वी रानातून उचलून पिंजऱ्यात आणला असेल, तर त्याच्या बाबतीत हे शहाणपण कसे येते? कोण शिकते, कशातून शिकते, आणि शिकण्याची किंमत कोण मोजतो? दक्षिण अमेरिकेतील चिंचिला या प्राण्याची हकीकत या प्रश्नांची बरीच उत्तरे देते. आज युरोप-अमेरिकेत हा प्राणी हौसेने घरात पाळला जातो, आणि पाळणाऱ्यांपुढची सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे एका चिंचिलाची दुसऱ्याशी ओळख करून देणे. या ओळखीला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

तीन जुने साक्षीदार

चिंचिला हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला, गिनीपिगचा लांबचा नातलग. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, कान मोठे आणि गोल, शेपटी खारीसारखी झुबकेदार, रंग राखाडी. त्याच्या दोन जाती आहेत. लांब शेपटीची जात मुख्यतः चिलीमधली, आणि आखूड शेपटीची जात पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना व चिली यांच्या उंच पठारी भागातली. दोन्ही जाती अँडीज पर्वत आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या, खडकाळ, रात्री कडक थंडीच्या प्रदेशात राहतात. अशा हवेत टिकण्यासाठी त्यांना जी लोकर मिळाली ती जमिनीवरच्या प्राण्यांमध्ये सर्वांत दाट म्हणून ओळखली जाते. आपल्या डोक्यावर एका रंध्रातून एखाददुसरा केस उगवतो. चिंचिलाच्या अंगावर एकाच रंध्रातून पन्नासाहून अधिक केसांचा झुपका बाहेर पडतो.

युरोपीय ग्रंथांत या प्राण्याचा उल्लेख प्रथम येतो तो या लोकरीमुळेच. स्पॅनिश जेझुइट पाद्री होसे दे अकोस्ता यांचा नव्या जगाच्या निसर्गावरील ग्रंथ १५९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खारीएवढ्या, विलक्षण मऊ कातड्याच्या या प्राण्याची नोंद आहे. इंग्रज दर्यावर्दी रिचर्ड हॉकिन्स याचे प्रवासवर्णन १६२२ मध्ये आले. त्यानेही कातड्याची तोंड भरून स्तुती केली. प्राणी जिवंतपणी कसा वागतो, याबद्दल दोघांकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते.

ते काम तिसऱ्या साक्षीदाराने केले. हुआन इग्नासिओ मोलिना हे चिलीतच जन्मलेले जेझुइट. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या सर्व मुलखांतून जेझुइटांना हद्दपार केले, तेव्हा मोलिना इटलीतील बोलोन्या शहरी जाऊन राहिले. तेथे १७८२ मध्ये त्यांनी चिलीचा निसर्गेतिहास प्रसिद्ध केला, आणि त्यात चिंचिलाचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. मोलिना सांगतात की हा प्राणी बिळांत राहतो, आपल्या जातभाईंच्या सोबतीची त्याला फार आवड आहे, आणि तो इतका गरीब स्वभावाचा आहे की हातात घेतला तर चावत नाही आणि सुटायची धडपडही करत नाही. मादीला वर्षातून दोनदा पाच-सहा पिल्ले होतात, असेही त्यांनी लिहिले आहे. यातली पिल्लांची संख्या बरीच फुगलेली आहे. सामान्यतः एका वेळी एक ते तीनच पिल्ले होतात. म्हणजे साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची साक्ष कलमवार तपासावी लागते. ‘सोबतीची आवड’ या कलमाची तपासणी व्हायला आणखी ४७ वर्षे जावी लागली.

लंडनमधली झटापट

लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीची बाग १८२८ मध्ये सुरू झाली. सोसायटीतील एक तरुण प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड टर्नर बेनेट यांनी बागेतील प्राण्यांची ओळख करून देणारे पुस्तक लिहायला घेतले. बागेत तेव्हा एक जिवंत चिंचिला होता. त्याच्या अभ्यासावरून बेनेट यांनी १८२९ मध्ये ‘चिंचिला’ ही स्वतंत्र प्रजाती शास्त्रात रूढ केली. त्याआधी मोलिनांनी त्याला उंदरांच्या प्रजातीत घातले होते.

याच सुमारास लेडी नाइटन यांनी आपल्या घरी पाळलेला दुसरा चिंचिला बागेला भेट दिला. हा आकाराने मोठा होता, लोकर जरा राठ होती आणि पाठीवर काळसर ठिपके होते. घरात मोकळा वावरल्यामुळे तो चांगला माणसाळलेला होता. खोलीत सोडला की टेबलाच्या उंचीपर्यंत उड्या मारायचा. मोलिनांच्या साक्षीप्रमाणे प्राणी सोबतप्रिय. तेव्हा नव्याला जुन्याच्याच पिंजऱ्यात ठेवले गेले. जुन्याला ते मुळीच रुचले नाही. दोघांची अशी जुंपली की वेळीच बाजूला काढले नसते तर लहान चणीचा जीव गेला असता. त्यानंतर दोघांना वेगळ्या पिंजऱ्यांत, पण शेजारी शेजारी ठेवण्यात आले. तारांमधून थोडी जवळीक करणे दोघांना शक्य होते, तरी पुस्तक लिहीपर्यंत कोणीच पुढाकार घेतला नव्हता, असे बेनेट नमूद करतात.

चिंचिलाची चिंचिलाशी ओळख करून देण्याचा लेखी पुरावा असलेला हा अगदी आरंभीचा प्रयत्न, आणि तो फसला. बेनेट यांनी यावर घाईने निष्कर्ष काढला नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. एका सुट्या घटनेला मोलिनांच्या साक्षीपुढे फारसे वजन देता येणार नाही, अशी सावध टीप त्यांनी जोडली. नवा प्राणी कदाचित पेरूकडच्या वेगळ्या वाणाचा असावा, ही शंकाही त्यांनी नोंदवली. आज दोन जाती वेगळ्या मानल्या जातात हे लक्षात घेतले, तर ती शंका अगदीच निराधार नव्हती.

येथे दोन विधाने समोरासमोर उभी राहिली. मोलिना म्हणतात, प्राणी सोबतप्रिय आहे. लंडनचा पिंजरा म्हणतो, दोघे एकत्र नांदत नाहीत. यांपैकी खरे कोणते हे ठरवायचे तर प्राण्यांना त्यांच्या रानात, त्यांच्या वसाहतीत पाहायला हवे होते. पण पुढच्या शंभर वर्षांत माणसाचे लक्ष त्यांच्या कातड्यावर होते.

कातड्यांचा काळ

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील श्रीमंतांमध्ये चिंचिलाच्या कोटाची फॅशन आली. एका कोटाला शंभराहून अधिक कातडी लागत. १८२८ ते १९१६ या काळात चिलीमधून अधिकृत नोंदीप्रमाणे ७० लाखांहून अधिक कातडी बाहेर गेली. नोंदीबाहेरचा व्यापार आणि हाताळणीत वाया गेलेली कातडी धरली तर मारलेल्या प्राण्यांची संख्या याच्या कितीतरी पट भरते. पारधी बिळांत धूर करीत, माग काढायला कुत्रे वापरीत, कधी झुडपांना आग लावीत.

या प्राण्याची वाढ मंद असते, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते; चिंचिलाच्या मादीचा गर्भकाळ १११ दिवसांचा. पिल्ले थोडी, पण जन्मतःच डोळे उघडे, अंगावर लोकर, आणि काही तासांत धावती. थोडी पिल्ले नीट वाढवायची ही या प्राण्याची रीत. वर्षाला लाखांनी कातडी काढली तर अशा प्राण्याची भरपाई होत नाही.

१९१० मध्ये चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या चार देशांनी शिकार व व्यापार बंद करण्याचा करार केला. कागदावर पाऊल योग्य होते. परंतु माल दुर्मिळ होताच भाव चढले, आणि भाव चढताच चोरटी शिकार वाढली. चिलीने १९२९ मध्ये स्वतःचा कायदा केला, पण डोंगरात त्याची अंमलबजावणी करणारे कोणी नव्हते. शतकाच्या मध्यापर्यंत रानातला चिंचिला जवळजवळ दिसेनासा झाला.

अकरा जनावरे

आज घरोघरी पाळलेले बहुसंख्य चिंचिला एका छोट्या टोळीचे वंशज मानले जातात. मथायस चॅपमन हा अमेरिकन खाण-अभियंता चिलीमधील तांब्याच्या खाणीवर कामाला होता. १९१८ मध्ये तेथील एका माणसाने त्याला एक जिवंत चिंचिला विकला. त्या प्राण्याने चॅपमनला वेड लावले, आणि हा प्राणी पाळून वाढवावा असे त्याच्या मनाने घेतले. त्याने पारधी नेमले. जेथे शंभर वर्षे लाखांनी कातडी निघाली होती, तेथे तेवीस माणसांना तीन वर्षांत मनासारखी अकरा जनावरे मिळाली असे सांगतात. त्यांत माद्या फक्त तीन.

चिली सरकारची परवानगी मिळवून चॅपमनने ही जनावरे एकदम खाली न आणता, टप्प्याटप्प्याने, सुमारे वर्षभर थांबत थांबत समुद्रसपाटीला आणली. कारण थंड डोंगरातल्या त्या दाट लोकरीला उष्मा सोसत नाही. चिंचिलाला घाम येत नाही. शरीरातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्यापाशी मुख्यतः कानच आहेत. हवा २५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की तो त्रासतो, आणि ३० च्या पुढे उष्माघाताने मरू शकतो. म्हणून बोटीवर पिंजरे बर्फाच्या साहाय्याने गार ठेवले गेले. फेब्रुवारी १९२३ मध्ये ही टोळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागली.

चॅपमनने हवामानाची काळजी किती बारकाईने घेतली ते आपण पाहिले. पण त्याच्यापुढे दुसराही प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते. आठ नर आणि तीन माद्या. कोणाला कोणाबरोबर ठेवायचे?

गळ्यातली पट्टी

चॅपमनच्या टोळीची पिल्ले पुढे इतर पाळणाऱ्यांकडे गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, कॅनडा व युरोपात लोकरीसाठी चिंचिला पाळण्याचा धंदा पसरला. आरंभी सगळा भर जोडीवर होता. एक पिंजरा, एक नर, एक मादी. चिंचिला जन्मभर एकच जोडीदार धरतो अशी समजूत पाळणाऱ्यांत पक्की होती. जनावरेही जोडीनेच विकली जात.

ही समजूत कोठून आली असेल? आमच्या मते ती पिंजऱ्यातूनच आली. जमलेली जोडी वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने राहते, एकमेकांना चिकटून झोपते, एकमेकांची लोकर विंचरते. अशा जोडीतला एक मेला आणि दुसरा आणून सोडला की रणकंदन होते. पाहणाऱ्याला वाटणार की ही पतिव्रता जात आहे. वस्तुतः तेथे दिसत होते ते ओळखीच्या आणि अनोळखी प्राण्यांतले अंतर. लंडनच्या पिंजऱ्यात जे घडले तेच शेकडो पिंजऱ्यांत पुन्हा घडत होते.

पुढे धंद्याचे गणित बदलले. प्रत्येक मादीमागे एक नर पोसणे परवडेना. तेव्हा एक नवी मांडणी पुढे आली. माद्यांचे पिंजरे एका ओळीत, प्रत्येक पिंजऱ्याला मागे एक लहान दार, आणि सर्व दारे एका सामाईक बोगद्यात उघडणारी. प्रत्येक मादीच्या गळ्यात दारापेक्षा रुंद अशी हलकी पट्टी. त्यामुळे मादीला आपल्या पिंजऱ्याबाहेर पडता येत नाही. नराच्या गळ्यात काही नाही, तो बोगद्यातून सर्वांकडे फिरतो.

ही गळ्यातली पट्टी आम्हांला चिंचिलाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे कागदपत्र वाटते. ती तीन गोष्टी सांगते. पहिली, एका नराचे अनेक माद्यांशी जमू शकते, म्हणजे जन्मभराच्या एका जोडीदाराचा नियम खरा नव्हता. दुसरी, अनोळखी माद्या एकमेकींना भिडल्या तर एकीचा जीव जाऊ शकतो, म्हणून त्यांना अडवावे लागते. तिसरी, मादीने धाव घेतली की नराला पळायला वाट लागते; बोगदा ही ती वाट. या प्राण्यात मादी नराहून मोठी आणि वरचढ असते. हे धडे पाळणाऱ्यांना मेलेल्या आणि जखमी जनावरांकडून मिळाले. शास्त्रीय नियतकालिकांत ते नंतर आले.

ओळख करून देण्याची रीत

पुढे चिंचिला लोकरीच्या धंद्यातून हौशी लोकांच्या घरांत आला. येथे हेतू बदलला. घरात पिल्ले नको होती, पण एकटा प्राणी झुरू नये म्हणून सोबत हवी होती. नीट निगा राखली तर पाळीव चिंचिला दहा ते वीस वर्षे जगतो. म्हणजे जोडी लावताना पुढच्या पंधरा वर्षांचा संसार ठरत असतो. पट्टी आणि बोगद्याचा उपाय घरात चालणारा नव्हता. तेव्हा हळूहळू जी रीत रूढ झाली तिचे टप्पे असे आहेत.

नवा प्राणी आणला की पहिले काही आठवडे तो वेगळ्या खोलीत ठेवतात. एखादा रोग असेल तर तो कळून यावा म्हणून. मग दोघांचे पिंजरे शेजारी शेजारी येतात. मध्ये काही बोटांचे अंतर राखावे लागते, कारण तारांतून बाहेर आलेले पाय चावले जातात. काही दिवसांनी वासांची देवाणघेवाण सुरू होते. चिंचिला पाण्याने अंग धूत नाही. त्याच्या रानात असते तशा ज्वालामुखीच्या बारीक भुकटीत लोळून तो लोकर स्वच्छ ठेवतो. एकाने लोळलेली भुकटी दुसऱ्याला द्यायची, आणि नंतर दोघांची पिंजऱ्यांचीच अदलाबदल करायची. रात्री जागणाऱ्या प्राण्याला ओळख पटते ती मुख्यतः नाकाने आणि कानाने. वास परका वाटेनासा झाला की निम्मे काम झाले.

यानंतर प्रत्यक्ष भेट. ती कोणाच्याही पिंजऱ्यात नव्हे, तर दोघांनाही नवख्या असलेल्या जागी, आणि संध्याकाळनंतर. पिंजरा हे घर असते आणि घरात शिरलेला परका हा शत्रू. बेनेट यांच्या काळी नेमके येथेच चुकले. पहिल्या भेटीत थोडी पळापळ, थोडी गुरगुर, एकमेकांवर चढण्याचा प्रयत्न हे चालते. त्यातून कोण वरचढ ते ठरते. मादी मागच्या पायांवर उभी राहून मूत्राची पिचकारी मारते, तो इशारा असतो. दात वाजणे हा त्यापुढचा इशारा. आणि लोकरीचे पुंजके उडू लागले की लगेच वेगळे करायचे. चिंचिलाला कोणी पकडले तर तो त्या जागची लोकर झटकन सोडून देतो. शत्रूच्या तोंडात केस राहतात आणि प्राणी निसटतो. पाल शेपूट टाकते तसाच हा प्रकार. म्हणून पिंजऱ्यात सकाळी दिसणारे पुंजके हे रात्रीच्या भांडणाचे सर्वांत विश्वासू साक्षीदार.

भेटी वाढत जातात, आणि एके दिवशी दोघे एकमेकांना टेकून झोपलेले दिसतात. तोपर्यंत काही दिवस जातात, कधी काही महिने. काही जोड्या कधीच जमत नाहीत. त्यांना शेजारी शेजारी, पण वेगळेच ठेवणे हाच शहाणपणा. जमलेल्या जोडीतला एक आजारपणामुळे काही दिवस दूर राहिला, तर परत आल्यावर त्याच्या अंगाला औषधांचा वास असतो, आणि पुन्हा ओळख करून द्यावी लागते.

घाई असणारे काही लोक दोघांना एका लहानशा खोक्यात घालून गाडीतून फिरवतात. भेदरलेले प्राणी एकमेकांना बिलगतात आणि जोडी जमल्याचा भास होतो. आमच्या मते भीतीने बिलगणे आणि ओळखीने बिलगणे यांत फरक करायला हवा. शिवाय बंद खोक्यातली ऊब या प्राण्याला जीवघेणी ठरू शकते.

रानात काय दिसले

आता मोलिना आणि बेनेट यांच्या वादाकडे वळू. १९७० च्या दशकात चिलीच्या कोकिंबो भागात, इयापेल गावाजवळच्या आउको येथील कोरड्या डोंगरांत लांब शेपटीच्या चिंचिलाच्या वसाहती पुन्हा आढळल्या. १९८३ मध्ये तेथे सुमारे ४,२०० हेक्टरांचे राखीव क्षेत्र जाहीर झाले, आणि रानातल्या चिंचिलाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

अभ्यासात दिसले ते असे. चिंचिला खडकांच्या फटींत आणि काटेरी चागुआल झुडपांच्या बुंध्याशी वसाहती करून राहतात. वसाहती सलग पसरलेल्या नसून डोंगरउतारांवर तुकड्यातुकड्यांनी असतात. रात्री घुबडे आणि अँडीजमधले कोल्हे त्यांच्या मागावर असतात, तेव्हा इशाऱ्याचा आवाज देणारा शेजारी फार उपयोगाचा. मोलिना म्हणत होते ती सोबत खरीच होती.

पण वसाहतीतला शेजारी हा ‘कोणताही चिंचिला’ नसतो. पिल्लू तेथे जन्मते, पहिल्या दिवसापासून त्याच वासांत आणि आवाजांत वाढते. खटका उडालाच तर दुसरी फट आहे, दुसरा उतार आहे. पिंजऱ्यात यांतले काहीच नसते. तेथे दोन परके प्राणी, एकच घर, आणि पळायला जागा नाही. मोलिनांची साक्ष आणि बेनेट यांची नोंद परस्परविरोधी नव्हती. एकाने ओळखीच्या प्राण्यांविषयी सांगितले होते, दुसऱ्याने अनोळखी प्राण्यांविषयी. दोन्ही विधानांत न उच्चारलेली एकेक अट होती.

मात्र हे कळायला उशीर झाला. पिंजऱ्यांत लाखांनी वाढलेला हा प्राणी रानात आजही धोक्यात आहे. दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या संकटग्रस्त यादीत आहेत. पिंजऱ्यात वाढलेले चिंचिला पुन्हा डोंगरात सोडून पाहण्याचे प्रयत्न झाले, पण ते फळाला आले नाहीत. कातडी मोजता येतात आणि जनावरेही मोजता येतात. वसाहत म्हणजे मात्र नुसती जनावरे नव्हेत. कोणत्या खडकामागे फट आहे, कोणता आवाज कोणाचा, कोणता वास आपला, ही सर्व जुळणी म्हणजे वसाहत. ती एकदा मोडली की अकरा जनावरांपासून लाखो जनावरे करता येतात, पण वसाहत करता येत नाही.

आपल्या वर्गासाठी

आपल्या देशाचा या हकीकतीशी थेट संबंध थोडा आहे, पण आहे. जानेवारी २०१७ मध्ये भारत सरकारने मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर बंदी घातली. हा प्राणी पाळण्याची हौस मात्र आपल्याकडे कोणी करू नये असे आम्ही सुचवू. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्याचे सोडाच, पुण्या-मुंबईच्या मार्च-एप्रिलमध्येही त्याला दिवसरात्र वातानुकूलित खोलीत ठेवावे लागेल, आणि एक दुपार वीज गेली तर सगळा खेळ संपेल.

वर्गात मात्र या प्राण्याला जरूर आणावे, गोष्टीच्या रूपाने. मोलिनांची साक्ष आणि लंडनची झटापट फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी आणि मुलांना विचारावे की दोघेही खरे बोलत असतील तर ते कसे शक्य आहे. ज्यांच्या घरी गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आहेत अशा मुलांनी नवे जनावर आणल्यावर काय काय होते ते आठवडाभर वहीत टिपावे. कोण कोणाला हुंगते, कोण मागे सरते, कितव्या दिवशी दोघे एका जागी चारा खातात. घरच्या मोठ्यांना विचारावे की अशा वेळी काय करायचे, आणि ते त्यांना कोणी शिकवले. पुस्तकात नसलेले बरेच ज्ञान अशा वह्यांत जमा होईल.

आणि त्या दोन रकान्यांच्या तक्त्याखाली एक ओळ वाढवावी. कळपाने राहणारा प्राणी हा ओळखीच्यांच्या कळपाने राहतो. बेनेट यांनी एका घटनेवरून नियम बनवला नाही, आणि घटना लिहून ठेवायलाही ते चुकले नाहीत. त्यामुळेच जवळपास दोनशे वर्षांनी आपल्याला तिचा अर्थ लावता येतो. मुलांच्या वह्यांतल्या नोंदींनाही तेवढीच सावधगिरी आणि तेवढाच प्रामाणिकपणा पुरेसा आहे.